भर समुद्रात यंत्र बदलताना

मुंबईतील आणि तिच्या आसपासच्या शहरांतील लक्षावधी घरांत आज चुलीपर्यंत वायू नळाने येऊन पोहोचतो. कळ फिरविली की निळी ज्योत उमटते आणि गृहिणी आपल्या कामाला लागते. या वायूचा एक फार मोठा उगम अरबी समुद्राच्या तळाखाली आहे. किनाऱ्यावरून दृष्टीस न पडणाऱ्या पोलादी मंचांवर रात्रंदिवस यंत्रे चालू असतात, म्हणून ही ज्योत जळते. ती यंत्रे कधीतरी जुनी होतात आणि बदलावी लागतात. भर समुद्रात पन्नास-साठ टनांचे यंत्र जागचे काढून त्या जागी दुसरे बसविणे म्हणजे नेमके काय करणे, आणि ते कोणाच्याही जिवाला अपाय न होता कसे पार पाडतात, हा विषय सामान्य नागरिकाच्या नजरेआड राहिला असला तरी त्याच्या परिचयाचा व्हावा असाच आहे.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, पाऊणशे मीटर खोल पाण्याखाली असलेल्या ‘बॉम्बे हाय’ या क्षेत्रात १९७४ साली ‘सागर सम्राट’ या वेधन-नौकेने तेलाचा शोध लावला. १९७६ च्या मे महिन्यात तेथून उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी त्याच्या आग्नेयेस वसईच्या नावाने ओळखले जाणारे मोठे वायुक्षेत्र सापडले. तेल आणि वायू नळांनी उरणला येऊ लागले. वसई क्षेत्रातील वायूसाठी गुजरातेतील हाजिऱ्यापर्यंत समुद्रतळावरून नळ घालण्यात आला. अलिबागजवळील थळचा खत कारखाना या वायूवर उभा राहिला, वीजकेंद्रे चालली. मुंबई हाय हे नाव पुढे मराठी घरांत परिचित झाले. मात्र तेथे प्रत्यक्ष काय चालते याची कल्पना थोड्यांनाच असते.

असा मंच, म्हणजे प्लॅटफॉर्म, हा पाण्यात उभा केलेला कारखानाच होय. समुद्रतळात खोल ठोकलेल्या खांबांवर पोलादी नळ्यांचा एक सांगाडा उभा असतो आणि त्या सांगाड्यावर एकावर एक मजले. कोठे विहिरींची तोंडे, कोठे तेल, वायू व पाणी वेगळे करणारी पात्रे, कोठे वायू दाबणारे काँप्रेसर, कोठे वीजनिर्मितीची यंत्रे. जेवणा-झोपण्याची जागा शक्य तेथे वेगळ्या मंचावर असते आणि ती पुलाने जोडलेली असते. किनाऱ्यावर जो कारखाना पंचवीस एकर जागा व्यापील, तो येथे चार-पाच मजल्यांच्या इमारतीत कोंबलेला असतो. एका यंत्रापासून दुसरे यंत्र हातभर अंतरावर. वर यंत्र, खाली यंत्र, आणि त्यांच्यामधून वायूने भरलेले नळ.

या यंत्रांना दोन शत्रू आहेत. पहिला खारा वारा. त्याच्यापुढे रंगाचा थर फार काळ टिकत नाही, आणि एकदा गंज पोलादात शिरला की तो आतून पोखरीत जातो. दुसरा शत्रू म्हणजे खुद्द भूगर्भातील वायूचा ओसरता दाब. क्षेत्र नवे असताना वायू स्वतःच्या जोराने नळातून किनाऱ्याकडे धावतो. पुढे हा जोर कमी होतो आणि मग त्याला काँप्रेसरने दाबून पुढे ढकलावे लागते. वसई क्षेत्रात दाब वाढविणाऱ्या काँप्रेसरांसाठी स्वतंत्र मंच उभारावे लागले ते याच कारणाने. सारांश, क्षेत्र जसजसे म्हातारे होते, तसतशी त्यावरील यंत्रे अधिक मोठी आणि अधिक श्रम करणारी लागतात. जुने काढणे आणि नवे बसविणे हा वृद्ध क्षेत्राच्या नित्यक्रमाचा भाग होऊन बसतो.

जमिनीवरील कारखान्यात हे काम तुलनेने सोपे असते. भिंत पाडून वाट करता येते, मोठी यारी, म्हणजे क्रेन, भाड्याने आणता येते, वारा सुटला तर काम उद्यावर टाकता येते. समुद्रावर यारी मंचावरच बसविलेली असते. तिची शक्ती मंच बांधला त्या दिवशी ठरून गेलेली असते. नवे यंत्र ज्या नौकेवरून यावयाचे ती नौका स्थिर नसते. आणि अपघात झालाच तर पळून जाण्यास मागे अंगण नसते, समुद्र असतो.

म्हणून पहिला प्रश्न अगदी साधा, पण त्याचे उत्तर हटकून चुकीचे मिळते तो हा: या यंत्राचे वजन किती? कारखानदाराने यंत्रावर पत्र्याची पट्टी लावून त्यावर वजन कोरलेले असते. परंतु वीस-पंचवीस वर्षांत त्या यंत्राला नव्या नळ्या, आधार, पायऱ्या जोडलेल्या असतात. पोटात तेल आणि गाळ साचलेला असतो. कोठे पायाशी ओतलेला सिमेंटचा गिलावा यंत्राला चिकटून येतो. पट्टीवरील आकडा हा यंत्राच्या जन्मदिवसाचा आकडा होय. तो विसंबून राहण्याजोगा नसतो. म्हणून अनुभवी लोक यंत्र खालून जॅकने केसभर उचलून प्रत्येक कोपऱ्याखालील भार मोजून घेतात. यातून एकूण वजन कळते, इतकेच नव्हे तर गुरुत्वमध्य कोठे आहे तेही कळते. उचलणाऱ्या आकड्याची लंबरेषा गुरुत्वमध्यातून गेली नाही, तर यंत्र जमीन सोडताच कलंडते व झोका घेते. साठ टनांच्या वस्तूने घेतलेला हातभर झोकाही शेजारचा वायुनळ तोडण्यास पुरेसा असतो.

वजन कळले म्हणजे तारदोरांचा हिशेब येतो. एक जड पिशवी दोघांनी मिळून धरली तर प्रत्येकाला निम्मे ओझे येते, अशी आपली समजूत असते. दोघे जवळजवळ उभे असतील तर ती खरी आहे. ते एकमेकांपासून लांब सरकू लागले, हात आडवे होऊ लागले, की पिशवी तीच असूनही दोघांचेही हात भरून येतात. तारदोरांचे तसेच आहे. दहा टनांचा भार दोन दोरांनी उचलला आणि दोर क्षितिजाशी ६० अंशांचा कोन करीत असले, तर प्रत्येकावर सुमारे ५.८ टन ताण येतो. ४५ अंशांवर तो ७.१ टन होतो. ३० अंशांवर प्रत्येक दोरावर पुरा दहा टनांचा ताण येतो, म्हणजे जणू दुसरा दोर नाहीच. मंचाच्या मजल्याची उंची कमी असते, वर तुळया असतात, त्यामुळे दोर आडवे करण्याचा मोह पडतो. अशा वेळी यंत्राच्या वर एक पोलादी आडवा दांडा देऊन त्याच्या टोकांपासून दोर सरळ खाली सोडतात. हा दांडा खर्चाचा व खटाटोपाचा वाटतो, पण त्याची किंमत दोर तुटण्याच्या क्षणी कळते, आणि तेव्हा ती कळून उपयोग नसतो.

यारीचेही एक गणित आहे. तिचा हात जितका बाहेर पसरावा, तितकी तिची शक्ती घटते. बुंध्याजवळ चाळीस टन उचलणारी यारी हात पुरा लांब केल्यावर त्याचा लहानसा अंशच उचलू शकते. त्यात नौकेवरून उचलावयाचे असेल तर समुद्र आपला वाटा मागतो. लाट नौकेला वर उचलते तेव्हा दोर सैल पडतो. पुढच्या क्षणी नौका खाली जाते आणि दोराला एकदम हिसका बसतो. हा हिसका स्थिर वजनाहून पुष्कळ मोठा असू शकतो. म्हणून समुद्रावरील यारीला दोन तक्ते असतात. एक मंचावरच्या मंचावर उचलण्याचा, दुसरा नौकेवरून उचलण्याचा, आणि हा दुसरा लाटेच्या उंचीप्रमाणे बदलत जातो. नौकेने लाटेच्या माथ्यावर यावे आणि त्याच क्षणी यारीने भार उचलून घ्यावा, ही वेळ साधणारा यारीचालक आणि त्याला हाताच्या खुणेने सांगणारा इशारेवाला यांच्यात शब्दाविना जमलेला मेळ असावा लागतो. इशारा देणारा एकच असावा, हा नियम सगळीकडे आहे. ‘थांबा’ हा एकच इशारा असा की तो कोणीही दिला तरी चालकाने पाळलाच पाहिजे.

यारीची शक्ती पुरत नसेल तर दुसरे मार्ग शोधावे लागतात. यंत्राचे भाग सुटे करून नेणे हा एक. वायूवर चालणारी टर्बाइने तर मुळातच अशी बनविलेली असतात की त्यांचा अंतर्भाग कप्प्यासारखा बाहेर ओढून काढता यावा. मोठी क्रेन-नौका आणणे हा दुसरा, अर्थातच फार खर्चाचा. तिसरा मार्ग म्हणजे यंत्र न उचलता सरकविणे. पोलादी रूळ अंथरून, त्यांवर घर्षण कमी करणाऱ्या पट्ट्या घालून, यंत्र जॅकच्या जोराने वितीवितीने मंचाच्या कडेपर्यंत नेतात. येथे ओढणाऱ्या जोराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व रोखणाऱ्या जोराला असते. पुढे ओढणारी साखळी जितकी मजबूत, तितकीच मागून धरून ठेवणारीही असावी लागते.

हे तत्त्व दक्षिणेकडील श्रोत्यांना वेगळे समजावून सांगावयास नको. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर त्या मुलखात गेलेली आणि तेथेच रुजलेली मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या देवळांचे रथोत्सव पाहत आली आहेत. तिरुवारूरचा शेकडो टनांचा रथ हजारो माणसे दोरांनी ओढतात. परंतु रथाची खरी सूत्रे दोर ओढणाऱ्यांच्या हाती नसतात. ती असतात चाकापाशी लाकडी पाचर घेऊन वावरणाऱ्या मोजक्या जाणत्या माणसांच्या हाती. कोणत्या चाकाखाली केव्हा पाचर घालावयाची यावर रथाचे वळणे आणि थांबणे अवलंबून असते. पुढे तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने त्या रथाला हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले, तेही याच जुन्या शहाणपणाचे नवे रूप. योगायोग असा की कुंभकोणम, त्याच्या नजीकचे साक्कोट्टै, आणि तेथून पूर्वेस समुद्रापर्यंत पसरलेला कावेरीचा त्रिभुज प्रदेश हाही आता तेल-वायूचा मुलूख ठरला आहे. कुत्तालम, नरिमणम येथे जमिनीवर विहिरी आहेत, आणि किनाऱ्यापलीकडे समुद्रात वायूचा मंचही उभा राहिला. जड वस्तू ओढणे सोपे, थांबविणे कठीण, हे ज्या भूमीला देवाच्या रथाने शिकविले, त्याच भूमीपुढे आता यंत्राने तोच धडा ठेवला आहे.

वजनाचा प्रश्न असा सुटला तरी अर्धेच काम झाले, कारण मंचावरील यंत्राच्या पोटात वायू असतो. हवेत मिथेनचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झाले की एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून यंत्र जागचे हलविण्यापूर्वी ते सर्व बाजूंनी वायूपासून तोडावे लागते. एक झडप बंद करणे पुरेसे मानीत नाहीत, कारण जुनी झडप झिरपते. दोन झडपा बंद करून त्यांच्यामधील जागा मोकळ्या हवेकडे उघडी ठेवतात. पहिलीतून काही झिरपलेच तर ते दुसरीपर्यंत न जाता बाहेर पडते. काम अधिक दिवसांचे असेल तर नळाच्या सांध्यात सबंध पोलादी चकती बसवून वाट कायमची बुजवितात. झडपांना कुलपे लावून किल्ल्या एकत्र ठेवतात. नंतर नायट्रोजन सोडून आतील वायू हुसकून लावतात. पण नायट्रोजनही निरुपद्रवी नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो भरलेल्या पात्रात माणूस शिरला तर एक-दोन श्वासांतच बेशुद्ध पडतो. म्हणून पुन्हा ताजी हवा खेळवून, प्राणवायूचे प्रमाण नेहमीच्या २१ टक्क्यांच्या जवळ आल्याचे मापून, मगच आत पाऊल टाकावयाचे.

या सर्व खबरदारीचा आधार म्हणजे एक कागद: कामाचा परवाना. कोणते यंत्र, कोणत्या झडपा बंद, कोणी तपासले, काम केव्हापासून केव्हापर्यंत, हे त्यावर लिहून जबाबदार माणसाने सही करावयाची. कागदाला नाके मुरडण्याची सवय आपल्याकडे मोठी. पण या कागदाचे मोल काय ते १९८८ सालच्या ६ जुलैच्या रात्री उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ या मंचावर दिसून आले. तेथे वायूबरोबर येणारा हलका द्रव पुढे ढकलणारे दोन पंप होते. त्यांपैकी एकाची सुरक्षा-झडप दिवसपाळीने तपासणीसाठी काढली. काम संध्याकाळपर्यंत पुरे झाले नाही, म्हणून नळाच्या उघड्या तोंडावर एक झाकण बसविले. ते गळतीबंद आवळलेले नव्हते. त्याच पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचा परवाना वेगळा होता, झडपेचा वेगळा, आणि दोन्ही एकत्र ठेवलेले नव्हते. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीच्या माणसांना पहिल्या पंपाच्या दुरुस्तीचा कागद ठाऊक होता, आणि ती दुरुस्ती अद्याप सुरू झालेली नाही हेही ठाऊक होते. झडप काढल्याचे मात्र ठाऊक नव्हते. त्यांनी पंप सुरू केला. त्या रात्री १६७ माणसे गेली.

लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० साली १०६ शिफारशी केल्या आणि जगभर या उद्योगाचे नियम बदलले. पण त्या रात्रीचे मर्म नियमांहून साधे आहे. त्या मंचावर परवान्याची पद्धत होती, फॉर्म होते, सह्याही होत होत्या. नव्हती ती एका माणसाने दुसऱ्या माणसाला यंत्रासमोर उभे राहून ‘येथे झडप नाही’ असे सांगण्याची रीत. पाळी बदलताना कागद हातात देणे वेगळे आणि माहिती सुपूर्द करणे वेगळे. परवाना ही कामाला मिळालेली मुभा नव्हे. तो धोक्याचा वृत्तान्त होय, आणि वृत्तान्त वाचला जावा म्हणून लिहावयाचा असतो.

आपल्याच समुद्रात २००५ साली घडलेली दुर्घटना दुसरा धडा देते. २६ जुलैला मुंबई पावसाने बुडाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबई हाय उत्तर क्षेत्रातील मुख्य मंचाजवळ ‘समुद्र सुरक्षा’ ही साहाय्यक नौका एका जखमी माणसाला मंचावर पोहोचविण्यासाठी आली. समुद्र खवळलेला होता. नौका मंचाच्या बाजूने चढलेल्या वायुनळांवर आदळली, वायू फुटून बाहेर पडला आणि पेटला. सुमारे दोन तासांत तो अवाढव्य मंच नष्ट झाला. साडेतीनशेहून अधिक माणसांना वाचविण्यात आले, २२ जणांनी प्राण गमावले. नौका पुढे काही दिवसांनी बुडाली. त्या दिवशी कोणी यंत्र बदलीत नव्हते. पण यंत्र बदलताना हीच परिस्थिती मुद्दाम निर्माण करावी लागते: हजारो टनांची नौका, जवळ उभा मंच, आणि दोहोंच्या मध्ये वायूने भरलेले नळ. म्हणून नौका कोणत्या बाजूने आणावयाची, वारा व प्रवाह तिला मंचाकडे ढकलतात की मंचापासून दूर नेतात, तिची यंत्रे बंद पडली तर ती कोणत्या दिशेने वाहत जाईल, हे आधी ठरवितात. सुरक्षित बाजू ती, जेथून बंद पडलेली नौका आपोआप दूर जाते.

याच कारणाने पश्चिम किनाऱ्यावर जड उचल पावसाळा टाळून करतात. ऑक्टोबर ते मे हा काळ त्यातल्या त्यात शांत. तरीही पंचांगावर सर्वस्वी विसंबता येत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आले तेव्हा हंगामाची अखेर गाठण्याच्या बेतात कामे चालू होती. कामगारांच्या निवासाचा ‘पी-३०५’ हा तराफा नांगर तुटून १७ मे रोजी बुडाला. त्यावरील २६१ माणसांपैकी सत्तरीहून अधिक मरण पावली. ती माणसे मंचांच्या देखभाल-दुरुस्तीच्या कामावर आलेली होती. वादळाचा इशारा आल्यावर काम आवरून बंदराकडे निघण्यास लागणारा वेळ हा कामाच्या वेळापत्रकातच धरलेला असावा लागतो. तो वरून उसना मिळत नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्न. यंत्र बदलताना मंच पुरा बंद ठेवावा की चालू? बंद ठेवला तर धोका पुष्कळ कमी होतो, पण किनाऱ्यावर खत कारखान्याला, वीजकेंद्राला, गावाला वायू कमी पडतो, आणि दर दिवसाचा तोटा कोट्यवधींत जातो. चालू ठेवला तर जिवंत वायुनळांवरून साठ टनांचा भार न्यावा लागतो. व्यवहारात यातून मधली वाट काढतात. भाराचा मार्ग नकाशावर आखतात, त्या मार्गाखालचे नळ तेवढे रिकामे करतात, मजल्यावर भार पसरविणारे लाकडी ओंडके घालतात, आणि प्रत्यक्ष उचलीच्या काही तासांपुरता तो भाग बंद ठेवतात. भार पडलाच तर तो कशावर पडेल, या प्रश्नाला ‘कशावरही नाही’ असे उत्तर येईपर्यंत मार्ग बदलत राहावयाचे. भारतात १९८६ साली स्थापन झालेले तेल उद्योग सुरक्षा संचालनालय आणि २००८ चे समुद्रातील तेल-वायू कामांच्या सुरक्षिततेचे नियम यांनी या विचाराला कायद्याचा आधार दिला आहे. संकटांचा आधी विचार करून तो लेखी मांडणे हे आता चालकाचे कर्तव्य आहे.

तथापि नियम कितीही नेटके असले तरी शेवटी मंचावर उभा असतो तो खलाशी, फिटर, वेल्डर. त्यांतील पुष्कळजण कंत्राटदाराकडून काही महिन्यांसाठी आलेले असतात. आकडा वाकडा बसला आहे, दोराचे एक पदर तुटले आहे, हे प्रथम दिसते ते त्यांनाच. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कागदोपत्री प्रत्येकाला आहे. पण उद्या कामावर परत बोलावतील की नाही, या विवंचनेत असलेला माणूस तो अधिकार वापरील काय? एखाद्या मंचाची सुरक्षितता जाणून घ्यावयाची असेल तर तेथे किती फलक लावले आहेत हे विचारू नये. गेल्या महिन्यात एखाद्या मदतनीसाच्या सांगण्यावरून काम थांबले होते काय, आणि थांबविल्याबद्दल त्याला काय मिळाले, शाबासकी की बोलणी, हे विचारावे.

नवे यंत्र पायावर बसले म्हणजे काम संपले असे वाटते. खरे म्हणजे तेव्हा काळजीचा दुसरा भाग सुरू होतो. यंत्राचा दांडा शेजारच्या दांड्याशी केसाच्या अंतराने जुळवावयाचा. प्रत्येक सांधा दाब देऊन गळतीसाठी तपासावयाचा. मग घातलेल्या चकत्या मोजून, नोंदीशी ताडून, एकेक काढावयाच्या. कुलपे ज्याने लावली त्यानेच उघडावयाची. परवान्यांवर एकेक करून ‘काम पूर्ण’ अशी सही व्हावयाची, आणि शेवटचा कागद मिटल्यावरच पहिली झडप सावकाश उघडावयाची. जुने यंत्र तोवर नौकेवर साखळ्यांनी जखडून किनाऱ्याकडे निघालेले असते. हे सारे ज्या दिवशी बिनबोभाट पार पडते, त्या दिवसाची बातमी कोठे छापून येत नाही. किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरांत वायूचा दाब कालच्याइतकाच राहतो, आणि मंचावर गेलेली माणसे पाळी संपल्यावर घरी परततात.